स्कॉटलंडची विहीर आणि राबिघचा ड्रॉवर

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी वाचतोय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत अचानक वास येतो... आमच्या रूमवर चहाबरोबर हे वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच असतं, आवाज वगैरे काढून! त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर रूमवाल्यांनी माझी जी काही चेष्टा चालवली आहे, ती विचारू नका.

मी वेल्डर आहे. आमच्या धंद्यात जोड वरून कितीही देखणा दिसला तरी एक्स-रे काढल्याशिवाय कुणी तो पास करत नाही. माझंही तसंच. भूत, भानामती, अंगात येणं – मी म्हणायचो, फिल्म दाखवा, मग बोलू. आता मात्र माझ्याकडे एक असा जोड आहे ज्याची फिल्म कशी काढायची तेच मला कळत नाही.

मी मूळचा गुहागरचा. वडील होडीवर जायचे, आता नाहीत. घरी आई, बायको मनीषा आणि मुलगी. मी सौदीत राबिघला असतो – जेद्दाच्या उत्तरेला, लाल समुद्राच्या काठावर. एका अंगाला रिफायनरीच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये आमचं पाइपचं वर्कशॉप. कॅम्पमध्ये एका रूमवर आम्ही चौघे. त्यातले वयाने मोठे बबनकाका, कुडाळचे, पाइप फिटर. त्यांचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे, आणि तो आवाज काकांकडे आलाय. साधं मीठ मागितलं तरी वाटतं देवाला हाक मारतायत.

आता मुख्य माणूस – आमचे वेल्डिंग इन्स्पेक्टर, इयनसाहेब. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे, क्रोमार्टी नावाच्या गावचे. उंच, लालबुंद, साठीच्या जवळ आलेले. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांना उभं करून सेफ्टीचं भाषण असतं. ते सगळीकडेच असतं आणि सगळीकडेच लोक उभ्या उभ्या झोपतात. इयनसाहेबांनी त्यावर उपाय काढला होता. भाषण संपलं की टॅब्लेट वर धरायचे आणि आपल्या मुलखाचा एक फोटो दाखवायचे. रोज एकच. "आज धडधाकट राहा, म्हणजे कधीतरी हे बघायला याल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हसू नका, पण त्या एका फोटोसाठी लोक वेळेवर यायला लागले. आम्ही कोकणी, शिवाय बंगाली, पठाण, फिलिपिनो – सगळे माना उंचावून स्कॉटलंड बघायचे. एकदा किनाऱ्याच्या अगदी जवळ उड्या मारणारे डॉल्फिन होते, आणि मागे पांढरं दीपगृह. मी म्हटलं, साहेब, आमच्या दाभोळच्या खाडीतही दिसतात. त्यांना इतका आनंद झाला की भाषण दहा मिनिटं लांबलं. एकदा टेकडीभर पिवळीधमक काटेरी फुलं. एकदा त्यांच्या गावची खाडी, आणि खाडीत रांगेने उभे केलेले जुने तेलाचे रिग. "तिथेच मी वेल्डिंग शिकलो," म्हणाले. आणि एकदा तर वाळूत लोळणाऱ्या सीलचा फोटो त्यांनी चुकून परमिटच्या ग्रुपवर टाकला! मॅनेजरने खाली विचारलं, याचा इकामा – म्हणजे इथे राहण्याचा परवाना – कुठे आहे? दोन दिवस वर्कशॉपमध्ये तेवढाच विषय होता.

एका जानेवारीत त्यांनी खाडीपलीकडच्या गावच्या सणाचा फोटो दाखवला. अर्धं पिंप, त्यात डांबर आणि लाकडं, ते पेटवायचं आणि गावातून खांद्यावर मिरवायचं. जळके तुकडे घराघरांत द्यायचे, ते वर्षभर जपून ठेवायचे. बबनकाका मागून ओरडले, "अरे, ही तर होळीच! वर पालखीसारखी खांद्यार!" मी त्यांना शिमग्याची पालखी इंग्रजीत समजावली. देव वर्षातून एकदा स्वतः घरोघरी येतो, म्हटलं. इयनसाहेब बराच वेळ मान हलवत होते. "देव स्वतः येतो? हे बरं आहे. आमच्याकडे आम्हालाच जावं लागतं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला माझा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला वाटलं, थकवा असेल. मग एकदा चहाचा कप तोंडापर्यंत नेताना निम्मा अंगावर सांडला. त्यानंतर मी टपरीवर अर्धाच कप चहा मागायला लागलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, ॲसिडिटी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – मी जे बारीक वेल्डिंग करतो त्यात एका हातात टॉर्च असते आणि तिचं टोक लोखंडापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर धरायचं असतं. टेकलं की संपलं. टोकाचा कण जोडात अडकतो आणि एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका दिसतो. माझ्या जोडांत आयुष्यात ठिपका नव्हता. आता मी भीतीने टॉर्च लांब धरत होतो आणि जोड बिघडत होते.

कॅम्पजवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये एक सोलापूरचे डॉक्टर आहेत. त्यांनी सगळं तपासलं, जेद्दाला पाठवून नसांची टेस्ट करवली. काही नाही! "सुधाकर, टेन्शन घेऊ नका," एवढंच. आणि टेन्शन तर समोर उभं होतं – नवीन प्रोजेक्टसाठी सगळ्या वेल्डरांची पुन्हा परीक्षा होणार होती. तिरका पाइप, चारही बाजूंनी जोडायचा, मग एक्स-रे. नापास झालेल्याला खलास, घरी. दुसरं काही काम मला येत नाही हो. मनीषाला सांगितलं नव्हतं, पण आईला व्हिडिओ कॉलवर कळलं. "फोन का हलतोय रे तुझा?" म्हणाली. नेटवर्क, म्हटलं. नेटवर्कने फोन हलत नाही एवढं तिलाही कळतं.

आणि मग एका सकाळी तो फोटो आला.

जंगलातला झरा. त्याच्या भोवतीच्या प्रत्येक झाडाला, प्रत्येक फांदीला चिंध्या बांधलेल्या – शेकडो! मोजे, शर्टाच्या बाह्या, लहान मुलांची झबली. ओल्या, शेवाळलेल्या, काही पार कुजलेल्या. त्याला तिकडे क्लूटी वेल म्हणतात, त्यांच्या बोलीत क्लूट म्हणजे चिंधी, आणि वेल म्हणजे इंग्रजीतली विहीर. इयनसाहेबांनी सांगितलं, दुखणाऱ्या माणसाचं कापड त्या पाण्यात भिजवायचं, दुखऱ्या जागेला लावायचं, झऱ्याला फेऱ्या घालायच्या आणि कापड झाडाला बांधायचं. ते कुजत जाईल तसं दुखणं जातं. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा नाही, नाहीतर त्याचं दुखणं आपल्याला लागतं. "लहानपणी डांग्या खोकला झाला तेव्हा आई मला घेऊन गेली होती. माझा यावर विश्वास नाही, अर्थात," असं म्हणून त्यांनी टॅब्लेट बंद केला.

पठाणांचा म्होरक्या, बंगाली, आम्ही – प्रत्येकाच्या गावी कुठे ना कुठे तसं एक झाड असणारच.

दुपारी चहाच्या वेळी इयनसाहेब माझ्या शेजारी येऊन बसले. "अर्धा कप," ते म्हणाले, "गेले कित्येक दिवस. मी इन्स्पेक्टर आहे, सुधाकर." मी कप खाली ठेवला. त्यांनी सरळ सांगितलं, परीक्षेत मी तुला एक गुणही उसना देणार नाही, आणि तसंही तेव्हा मी सुट्टीवर असेन, दुसरा माणूस येईल. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "तुझं एखादं कापड असेल तर दे. झरा माझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही. सुती हवं, म्हणजे कुजेल."

मी हसलो. आणि संध्याकाळी रूमवर जाऊन बॅग उपसली. आईने शिवलेली गोधडी मी इथे आणलेली आहे, एसीत लागते. तिच्या जुन्या लुगड्यांची, वरून हिरवं, त्यावर पिवळे ठिपके. आईचा एक हेका आहे – ती गोधडी जाळी विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवते. वडील गेल्यावर घरात तो दोरा उरला होता. "साधा दोरा कुजतो, ह्यो कुजायचा नाय," असं म्हणते. गोधडीच्या कडेची एक पट्टी मी कापली, टाक्यांसकट. विश्वास नव्हता. पण माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, मी त्या दिवशी तसाच होतो.

बबनकाकांना कळलं आणि ते बिथरले. "असा कसा? दुसऱ्याच्या जाग्यार जातस, तर तिकडच्या राखणदाराक आधी सांगूक नको? उद्या तो रागावलो तर?" राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षक देव; त्याला गाऱ्हाणं घालायचंच, हा त्यांचा हट्ट. इथे नारळ नाही, अगरबत्ती नाही, काही उघड करायचं नाही... नुसते शब्द. गुरुवारी संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर इयनसाहेब आमच्या रूमवर आले. काकांनी त्यांना टोपी काढायला लावली आणि बजावलं, मी थांबलो की "व्हय म्हाराजा" म्हणायचं. साहेबांनी दोनदा प्रॅक्टिस केली.

"बा देवा म्हाराजा! सात समुद्रापलीकडच्या पाण्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इयनसाहेब सगळ्यात मोठ्याने.

"आज ह्यो तुझो लेकरू सुधाकर, मुक्काम राबिघ, तुझ्याकडे पदर पसरता हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काका बरंच बोलले. एरवी मी हसून लोळलो असतो. पण तो गोरा माणूस डोळे मिटून, टोपी छातीशी धरून उभा होता, आणि मीही नकळत हात जोडले. मी पट्टी त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

परीक्षेची सकाळ. माझा नंबर लागला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि बूथमध्ये पंखा म्हणजे गरम हवेचा झोत. दुसरा इन्स्पेक्टर अनोळखी होता. मी हेल्मेट खाली ओढलं, टॉर्च उचलली. हात थरथरत होता, चांगलाच. मी मनात म्हटलं, सुधाकर, बॅग भरायला घे.

आणि मनगटावर काहीतरी गार लागलं.

मी जाड चामडी हातमोजे घातले होते. तरी आत, कातडीला, ओलं गार... भिजलेला पंचा कुणी हळूच गुंडाळावा तसं. घाम नव्हे. घाम आणि गारवा यातला फरक सौदीत राहणाऱ्याला शिकवू नका. आणि हेल्मेटच्या आत वास – ओल्या पानांचा, शेवाळाचा. वेल्डिंगच्या बूथमध्ये! हात थांबला. मी दचकलो नाही, हे मला अजून नवल वाटतं. उलट इतकं बरं वाटलं की काय सांगू. आर्क पेटवला आणि पाइपच्या खालून, बाजूने, वरून – मी आयुष्यात इतका सुंदर जोड मारलेला नाही. संपवून हातमोजा काढला तर मनगट कोरडं ठणठणीत.

एक्स-रे स्वच्छ आला. एकही ठिपका नाही.

मी इयनसाहेबांना लांबलचक मेसेज केला. साहेब, पास झालो, कापड बांधल्याबद्दल तुमचे फार उपकार. पलीकडून नुसता अंगठा आला. मला जरा विचित्र वाटलं. एरवी हा माणूस दगडाचा फोटो पाठवला तरी चार ओळी लिहितो.

परत आले त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उतरलेला. "सुधाकर, मला माफ कर. मी तुझं कापड नेलंच नाही. त्या रात्री कागद आवरायला इथे आलो, आणि निघायच्या गडबडीत ते या ड्रॉवरमध्येच राहिलं. तिकडे पोचल्यावर लक्षात आलं. तुझा मेसेज आला तेव्हा खरं सांगायची लाज वाटली."

मी हसायलाच लागलो. म्हटलं, साहेब, मग डॉक्टरच बरोबर! मनाचाच खेळ होता. झालं गेलं. त्यांच्याही जिवात जीव आला. "निदान तुझं तुला परत देतो," म्हणून त्यांनी किल्ली काढली. ती त्यांच्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच होती, क्रोमार्टीला जाऊन आलेली. ड्रॉवर उघडला.

आधी वास आला. तोच.

पट्टी होती तिथेच होती, पण ती पट्टी राहिली नव्हती. काळपट हिरवा लगदा, ओलाचिंब. मी उचलायला गेलो तर कापड बोटांत विरघळून खाली पडलं. हातात राहिले ते फक्त आईचे टाके, नायलॉनच्या दोऱ्याची ती धावती रांग, जशीच्या तशी. खालचे कागद कोरडे. शेजारची बॅटरी, गेज, शिक्का – सगळं कोरडं. एसी समोरच्या भिंतीवर, त्याचं पाणी बाहेर जातं. इयनसाहेब खुर्चीत बसले. "कापडाला असं व्हायला आमच्याकडे दोन-तीन हिवाळे जातात," ते म्हणाले. मग बराच वेळ ते नुसता वास घेत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. घाबरून नव्हे. आईबरोबर गेलेल्या लहान मुलाचा चेहरा होता तो.

मग त्यांनी विचारलं, "तुमचे ते काका त्या दिवशी नेमकं काय म्हणाले होते?"

काकांना बोलावलं. त्यांनी गाऱ्हाणं पुन्हा म्हणून दाखवलं, मी इंग्रजीत सांगत गेलो. शेवटच्या ओळीला काका आले, "...आणि हयसर येवन लेकराचो हात धर, म्हाराजा," आणि त्यांनी जीभ चावली. म्हणायचं होतं की आम्ही तुझ्याकडे येतो, चिंधी बांधतो, पदरात घे. पण गावच्या सवयीने, जिथे देव स्वतः पालखीतून दारात येतो तिथल्या सवयीने, त्यांनी त्याला इकडेच बोलावलं होतं. पत्ता देऊन! मुक्काम राबिघ!

"मी पण हो म्हणालो," इयनसाहेब हळूच म्हणाले. "मोठ्याने."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. थरथर मनाची होती असं धरलं तर हाताचं कोडं सुटतं, डॉक्टरही तेच म्हणतात. पण चिंधीला कुठलं मन? बुरशी, वाळवी, कुणी केलेली मस्करी... किल्ली स्कॉटलंडला होती. आम्ही तिघांनी डोकं लावून पाहिलं आणि शेवटी सोडून दिलं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

त्या संध्याकाळी मी केबिनच्या बाहेरूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्यांदाच सगळं सांगितलं – हात, परीक्षा, झरा, पट्टी. टाके दाखवले. मला वाटलं घाबरेल, दृष्ट काढायला सांगेल. ती शांतपणे ऐकत होती. मग कपाळाला आठी घालून म्हणाली:

"अरे, मग त्याला पाणी तरी दिलंस काय रे?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? त्या राखणदाराला! तुम्ही बोलवलंत, तो बिचारा थंडीतनं उठून एवढ्या उन्हात आला, तुझा हात धरला... आणि घोटभर पाणीदेखील नाय विचारलंत? माणसं हायत का कोण?"

इयनसाहेब बाजूलाच उभे होते, त्यांना भाषांतर करून सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, तुझी आई बरोबर आहे, हे फार वाईट झालं.

मी वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाच्या कूलरवर गेलो. काचेचा ग्लास धुतला आणि काठोकाठ भरला. पाहुण्याला अर्धा ग्लास कोण देतं! उजव्या हातात घेतला आणि पाइपांमधून, केबलवरून पाय टाकत केबिनपर्यंत चालत आलो. तो उघडा ड्रॉवर होता त्याच्या शेजारी टेबलावर ठेवला. इन्स्पेक्टर तो इन्स्पेक्टरच – इयनसाहेबांनी खिशातून बॅटरी काढली आणि मी आलो त्या वाटेवर, कूलरपर्यंत, फरशी तपासत गेले.

कुठेही एक थेंब नव्हता.